पुठ्ठ्याच्या तिकिटाचा अंमल

बोदवडला रेल्वे आहे, पण स्टेशन गावाला लागून नाही. ते नाडगावच्या अंगाला आहे. भुसावळहून नागपूरकडे निघालेली गाडी वरणगाव, आचेगाव करत इथे येते आणि पुढे मलकापूरला वऱ्हाडात शिरते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला म्हणजे जीआयपी रेल्वेने हा रस्ता टाकला तेव्हा कंपनीचा डोळा कापसावर होता. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि खानदेश-वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला एकाएकी भाव चढला. १८६७ साली लोहमार्ग नागपूरला टेकला. बोदवड ही कापसाची पेठ. गाठी लादायला स्टेशन हवंच होतं.

कापसाच्या गाठी बोलत नाहीत, भाड्यावरून हुज्जत घालत नाहीत आणि कागदाची बिल्टी मालाच्या आधी मुंबईला पोचली की हिशेब मिटतो. माणसांचं तसं नव्हतं, आणि माणसं कंपनीच्या अंदाजापेक्षा फार अधिक आली. बाजाराला, लग्नाला, यात्रेला, कामधंद्याला निघालेली ही तिसऱ्या वर्गाची गर्दी आणे-पैशांत भाडं मोजत होती. मुंबईपासून शेकडो मैलांवरच्या एका खिडकीत एकटा बाबू दिवसभर हे पैसे गोळा करणार. त्याने किती घेतले आणि किती कंपनीला कळवले, हे बोरीबंदरला बसलेल्या साहेबाला कळायचं कसं?

त्याचं उत्तर जाडसर पुठ्ठ्याच्या एका तुकड्यात होतं. सव्वादोन इंच लांब, एक इंचाहून थोडा जास्त रुंद. आजच्या मापात साधारण ५७ मिलिमीटर बाय ३० मिलिमीटर. जगभरच्या रेल्वे कंपन्यांनी हे माप दीडशे वर्षं जवळजवळ जसंच्या तसं ठेवलं.

हे तिकीट काढलं एका दिवाळखोर सुताराने. टॉमस एडमंडसन, जन्म १७९२, गाव इंग्लंडमधलं लँकेस्टर. गिलो या नामांकित फर्निचर कारखान्यात तो शिकला, मग स्वतःचा धंदा काढला आणि बुडाला. १८३६ च्या सुमाराला न्यूकॅसल-कार्लाइल रेल्वेवरच्या मिल्टन नावाच्या आडस्टेशनावर त्याला स्टेशनमास्तरची नोकरी मिळाली. तोवर रेल्वेची तिकिटं घोडागाडीच्या रिवाजाने चालत. वहीतून कागद फाडायचा, त्यावर उतारूचं नाव, ठिकाण, भाडं हाताने लिहायचं. गाडीत दहा माणसं असली तर ठीक, शंभर असली तर गाडी उभी राहायची. एडमंडसनने जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापल्या, आधीच ठिकाण घालून ठेवलं आणि प्रत्येक तुकड्यावर ओळीने नंबर टाकला. पुढे कार्लाइलचा घड्याळजी जॉन ब्लेलॉक याच्या मदतीने छपाईचं यंत्र आणि तारीख उठवायचा दाब तयार झाला. १८३९ साली मँचेस्टर अँड लीड्स रेल्वेने त्याला बोलावून घेतलं. मग एकेक कंपनी त्याच्याकडे येऊ लागली आणि तो मैलामागे वर्षाला दहा शिलिंग मानधन घेऊ लागला. आधीच्या दिवाळखोरीतली देणी त्याने पुढे फेडली, असं त्याचे चरित्रकार आवर्जून नोंदवतात. माणूस क्वेकर पंथाचा होता. हिशेबाची चाड त्याच्या तिकिटातही उतरलेली दिसते.

कारण यातली खरी हुशारी नंबरात आहे. एडमंडसनच्या गठ्ठ्यातलं पहिलं तिकीट १ नंबरचं नसे, ०००० चं असे. तिकिटं खिडकीमागच्या लाकडी कपाटात, उभ्या अरुंद खणांत एकावर एक रचायची, सर्वांत लहान नंबर तळाशी. तिकीट काढायचं ते खालून. एक ओढलं की वरचा सगळा गठ्ठा आपल्या वजनाने खाली सरकतो. शून्यापासून सुरुवात असल्यामुळे तळाशी जो नंबर दिसतो तेवढीच तिकिटं आजवर विकली गेलेली असतात. तळाशी ०१४७ असेल तर १४७ तिकिटं गेली. सकाळचा नंबर, संध्याकाळचा नंबर, दोन्हींची वजाबाकी, गुणिले भाडं. गल्ल्यात तेवढी रक्कम नसेल तर बाबूने खिशातून भरायची. असा प्रत्येक खण, प्रत्येक ठिकाण, प्रत्येक वर्ग.

आणि हे पुठ्ठ्याशिवाय जमत नाही. पातळ कागद खणात उभा राहत नाही, वाकतो, दोन एकमेकांना चिकटून निघतात आणि नंबर चुकतो. लाकडाची चकती महाग, धातूचा बिल्ला परत मागावा लागतो. थरांचा पुठ्ठा मात्र ताठ राहतो, स्वस्त पडतो, सारख्या जाडीचा कापता येतो, त्यावर शाई बसते, दाबाने तारीख उठते आणि चिमट्याने त्याचा लचका तोडला तरी बाकीचा तुकडा शाबूत राहतो. तिकीट आडवं धरून कडेकडे पाहिलं की आतली रचना दिसे: बाहेरचे दोन कागद गुळगुळीत, मधला लगदा मळकट. पावसात भिजलं किंवा पोराने तोंडात धरलं की थर सुटे होत आणि पापुद्र्यांसारखे उलगडत.

थर चिकटवून ताठ पान करण्याची विद्या आपल्याकडे नवी नव्हती. सावंतवाडीचे चितारी कागद-कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने जोडून, दगडाने घोटून गंजिफाची गोल पानं करत. दशावतारी जोडात १२० पानं, मोगली जोडात ९६. विसाव्या शतकात ही कला मोडकळीला आली होती, तिला सावंतवाडीच्या राजमाता सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुन्हा हात दिला. पोथ्यांच्या सुट्या पानांना खालून-वरून फळ्या किंवा पुठ्ठे लावून वर बासन बांधायची रीत तर घरोघरची. आणि खुद्द खानदेशात एरंडोल आणि यावल ही दोन गावं जाड्याभरड्या देशी कागदासाठी नावाजलेली होती. तिथले कागदी सणाच्या जुन्या दोरखंडांचा, गोणपाटांचा लगदा चुन्यात कुजवून, कुटून, जाळीवर उचलून कागद काढत. इंग्रजी अमदानीत गिरणीचा कागद आला आणि हा धंदा बसला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला गॅझेटियर या दोन्ही गावांच्या कागदाबद्दल भूतकाळात बोलतं. ज्या रेल्वेने गिरणीचा कागद खानदेशात आणला, तिची तिकिटंही गिरणीच्याच पुठ्ठ्याची होती. एरंडोलच्या कागद्याच्या घरातल्या कुणीतरी जळगावहून मुंबईचं तिकीट काढलंच असेल. त्याने ते बोटांत धरून, घोटाई कशी झाली आहे हे पाहिलं नसेल, असं मानणं मला जड जातं.

बोदवडसारख्या लहान स्टेशनावर बहुधा स्वतंत्र तिकीटबाबू नसे. स्टेशनमास्तर किंवा त्याचा असिस्टंटच तार घेई, सिग्नल पाही आणि गाडीची वेळ झाली की खिडकी उघडी. अशा स्टेशनाला कोणत्या ठिकाणांची छापील तिकिटं द्यायची हे विक्रीवर ठरे. जवळची भुसावळ-मलकापूरसारखी ठिकाणं, जिल्ह्याचं जळगाव, शेगावसारखं यात्रेचं गाव, इतक्यांचे खण भरलेले असत. त्यापलीकडचं ठिकाण मागितलं की बाबूच्या कपाळाला आठी पडे, कारण मग कोरं कागदी तिकीट हाताने लिहावं लागे: कुठून, कुठे, कोणत्या मार्गाने, भाडं किती, आणि मागे खिडकीवर रेटारेटी चाललेली. तिकीट ओढलं की ते तारखेच्या यंत्राच्या खाचेत घालून सरकवायचं. खट्ट असा आवाज होई आणि कडेला तारखेचे आकडे उमटत. तो आवाज ऐकला की रांगेतला पुढचा माणूस कनवटीचे पैसे सोडायला लागे.

लहान मुलांसाठी वेगळा गठ्ठा ठेवायची गरज नव्हती. मोठ्यांच्या तिकिटाचा एक कोपरा आखलेल्या रेषेवर कातरून काढायचा, उरलेलं तिकीट अर्धं झालं. कातरलेला तुकडा बाबूने जपून ठेवायचा आणि हिशेबासोबत पाठवायचा, कारण तेवढाच त्याचा पुरावा. बारा वर्षांखाली अर्धं तिकीट असल्यामुळे आपल्याकडची मुलं अकराव्या वर्षात बराच काळ मुक्काम करत. जाण्यायेण्याचं तिकीट मधोमध फाडता येई. भाडेवाढ झाली की जुनी तिकिटं टाकून देत नसत; रबरी शिक्क्याने नवं भाडं उमटवून तोच गठ्ठा संपवायचा.

म्हणजे हा पुठ्ठा उतारूच्या सोयीसाठी आलाच नव्हता. तो बाबूला बांधायला आला होता. उतारू फाटकाबाहेर पडताना तिकीट काढून घेतलं जाई तेही याचसाठी: वापरलेलं तिकीट पुन्हा विकलं जाऊ नये. टीसीच्या चिमट्याची खूण, कडेची तारीख, नंबर, या सगळ्या बेड्या नोकराच्या पायातल्या. रेल्वेच्या इतिहासात तिसऱ्या वर्गाच्या उतारूवर लक्ष ठेवण्याची इतकी चर्चा होते, पण सर्वांत बारीक पहारा खिडकीच्या आतल्या बाजूला होता.

तरीही एक गोष्ट उतारूच्या पदरात पडली. १८९० च्या इंडियन रेल्वेज ॲक्टच्या ६६ व्या कलमाने तिकिटावर वर्ग, कुठून-कुठे आणि भाडं छापणं सक्तीचं केलं. आणि सर्वांत खालच्या वर्गाच्या तिकिटावर हा मजकूर त्या भागातल्या मुख्य देशी भाषेत हवा, वरच्या वर्गाच्या तिकिटावर इंग्रजीत, असं सांगितलं. कलम वाचताना गंमत वाटते. साहेबाच्या तिकिटाला इंग्रजी आणि शेतकऱ्याच्या तिकिटाला त्याची भाषा, ही वर्गवारी अपमानाचीही आहे आणि सोयीचीही. बोदवडच्या पंचक्रोशीत घरात लेवा बोली किंवा अहिराणी, कागदावर मराठी. ज्याला अक्षर येत नव्हतं तो तिकीट शाळेत जाणाऱ्या कुणा पोरापुढे धरी आणि भाडं वाचून घेई. बाबूने दोन आणे जास्त घेतले का, हे छापलेल्या आकड्यावरून उघड होई. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत ही सोय नसती.

बाकी तिसऱ्या वर्गाचे हाल होते ते होतेच. गांधीजींनी १९१७ साली त्यावर लिहिलेलं छोटं पुस्तक प्रसिद्ध आहे. मुंबई ते मद्रास प्रवासाला १३ रुपये ९ आणे मोजून त्यांनी डब्यातली घाण, गर्दी आणि उपेक्षा जशी पाहिली तशी लिहिली. तिकिटावर भाडं छापलं होतं, बसायला जागा मिळेल असं कुठे छापलं होतं?

खानदेशातला एक प्रसंग याहून बोचरा आहे. १९२९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सभासद म्हणून अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांच्या चौकशीला खानदेशात आले होते. परतीच्या वाटेवर ते चाळीसगावला उतरले आणि तिथल्या लोकांनी एक रात्र मुक्कामाचा आग्रह केला. महारवाडा स्टेशनपासून दूर, मध्ये नदी. टांगेवाले त्यांना बसवून टांगा हाकायला तयार होईनात. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा मात्र सवयीचा नव्हता. पुलावर टांगा उलथला, आंबेडकर खाली फेकले गेले आणि पायाला जबर दुखापत झाली. हे त्यांनी स्वतः आठवणींत लिहून ठेवलं आहे. रेल्वेच्या खिडकीत पैसे टाकले की कुणालाही तोच पुठ्ठा, तोच नंबर मिळत होता. बाबू मनातून कसाही असो, खणातलं पुढचं तिकीट त्याला द्यावंच लागे. फाटकाबाहेर पाऊल पडलं की ती बरोबरी तिथेच संपे. लोहमार्गाने जातिभेद मोडला असं जे कौतुकाने लिहिलं जातं, त्याला चाळीसगावचा तो पूल पुरेसं उत्तर आहे.

सात वर्षांनी, डिसेंबर १९३६ मध्ये, फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं हे पहिलंच. फैजपूरला रेल्वे नाही, जवळचं स्टेशन सावदा, भुसावळ-खंडवा मार्गावरचं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू तिथून बैलांच्या रथातून अधिवेशनाच्या जागी गेले. एरवी दिवसाला मोजकी माणसं उतरणाऱ्या त्या फाटकावर त्या आठवड्यात गोळा झालेल्या तिकिटांचा ढीग डोळ्यांपुढे आणून पाहावा.

फाटकावर तिकीट द्यायचं म्हणून ते प्रवासभर सांभाळायचं, ही एक वेगळीच विद्या होती. पुरुष पागोट्याच्या पटीत, नाहीतर टोपीच्या घडीत खोचत. बायका पदराच्या टोकाला गाठ मारत, किंवा चोळीत ठेवत. ताठ असल्यामुळे ते कपड्यातून टोचे आणि आहे की नाही हे न चाचपता कळे. एसटीचा थाट निराळा. १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिली बस धावली तेव्हापासून कंडक्टरच्या पेटीत पातळ कागदाच्या, किमतीप्रमाणे लावलेल्या गड्ड्या आल्या. कंडक्टर बसमध्ये फिरतो, त्याच्या गळ्यात लाकडी कपाट कसं अडकवणार? एसटीचं तिकीट म्हणून कागदाचं राहिलं आणि उतरेपर्यंत बहुतेकांच्या हातून त्याची सुरळी झालेली असे.

पुठ्ठ्याला संपवलं ते संगणकाने, हे सगळेच सांगतात. पण संगणकाचा एक पाय याच पुठ्ठ्यात रोवलेला आहे, हे कमी सांगितलं जातं. अमेरिकेत हर्मन हॉलरिथ नावाचा तरुण जनगणनेचे आकडे मोजायची युक्ती शोधत होता. रेल्वेतून जाताना त्याने पाहिलं, की कंडक्टर तिकिटाला भोकं पाडून उतारूचं वर्णनच तिकिटावर नोंदवतो: केस कसे, डोळे कसे, नाक केवढं, तिकीट दुसऱ्याला विकता येऊ नये म्हणून. माणसाची माहिती भोकांत साठवता येते हे त्याला तिथे उमगलं, आणि १८९० ची अमेरिकेची जनगणना त्याने भोकं पाडलेल्या कार्डांवर मोजून दाखवली. त्याच्या कंपनीतून पुढे आयबीएम झाली. १९६० च्या दशकात भारतीय रेल्वेने आपल्या क्षेत्रीय मुख्यालयांत आयबीएम १४०१ बसवले, पगारपत्रकं आणि माल-वाहतुकीचे हिशेब करायला. त्यांचं खाद्यही कार्डंच. म्हणजे काही वर्षं अशी गेली की गावोगावच्या खिडकीत पुठ्ठ्याचं तिकीट आणि मुख्यालयात भोकांचं कार्ड, दोन्ही एकाच रेल्वेत नांदत होती.

मध्य रेल्वेची तिकिटं भायखळ्याच्या छापखान्यात छापली जात. रेल्वेच्या दृष्टीने हा छापखाना म्हणजे टांकसाळच. कोरा पुठ्ठा किती आला, छापून किती निघाला, वाया किती गेला याचा हिशेब नोटांसारखा. आरक्षणाची संगणकीय तिकिटं १९८० च्या दशकाच्या मध्याला दिल्लीत सुरू झाली आणि लवकरच मुंबईत आली. पण बिनआरक्षित उतारूच्या हातात पुठ्ठाच राहिला. त्याच्यासाठीची संगणकीय व्यवस्था या शतकाच्या सुरुवातीला आली आणि लहान स्टेशनांपर्यंत झिरपायला आणखी काही वर्षं गेली. ज्या गर्दीमुळे पुठ्ठा आला, तिच्याच हातात तो सर्वांत शेवटपर्यंत होता. नव्या छापील पट्टीवर शाई उन्हात उडते, घामात पुसते. नंबर त्यावरही असतो, पण आता तो बाबूच्या डोळ्यांपुढच्या खणात दिसत नाही, दूरच्या कुठल्यातरी सर्व्हरमध्ये असतो. बोरीबंदरच्या साहेबाला जे हवं होतं ते त्याच्या वारसांना अखेर मिळालं, आणि संध्याकाळची वजाबाकीही बाबूला करावी लागत नाही.

बोदवड १९९९ साली भुसावळपासून वेगळं होऊन तालुक्याचं गाव झालं. आता त्याला जंक्शन व्हायचं आहे. पाचोरा-जामनेर ही ५६ किलोमीटरची अडीच फुटी लाइन, खानदेशी लोकांची लाडकी पीजे, २०२० मध्ये थांबली. ती ब्रॉडगेज करून पुढे बोदवडपर्यंत न्यायचा ८४ किलोमीटरचा प्रकल्प हाती घेतलेला आहे. जामनेर आणि बोदवड हे शेजारी तालुके, पण पुठ्ठ्याच्या तिकिटाच्या काळात बोदवडच्या खिडकीवर जामनेर मागितलं असतं तर वाट होती भुसावळ, मग जळगाव, मग पाचोरा आणि तिथे गाडी बदलून छोट्या डब्यांतून उलटं जामनेर. इतक्या विरळ गिऱ्हाइकासाठी कुणी खण भरून ठेवत नाही. बाबूने कोऱ्या तिकिटांचं पुस्तक शोधलं असतं, भाड्याच्या तक्त्यात बोट फिरवलं असतं, आणि शहाणा असता तर पुस्तक मिटून म्हणाला असता, ‘दादा, एसटीनं जा ना.’